मेंदूतला काळा पट्टा

आमच्या शरीररचना विभागात मेंदूचे काप करायचं काम तीस वर्षं जयवंताबाईंकडे आहे. मेणात घट्ट बसवलेला तुकडा यंत्रावर चढवायचा, केसाहून कितीतरी पातळ काप काढायचा आणि कोमट पाण्यावर तरंगणारा तो काप काचेवर असा उचलायचा की एक सुरकुती पडता कामा नये. नवी पोरं दहा वाया घालवतात तिथे बाईंचा एकही वाया जात नाही.

त्यांच्याशी माझं फारसं बोलणं नव्हतं. खरं तर कोणाचंच नव्हतं. डबा त्या एकट्याच खायच्या आणि साडेपाचला हुडकेश्वरची बस धरायच्या. मी त्यांना माणूसघाणी समजायचो. माणसाचा पटकन निकाल लावायची मला वाईट खोड आहे.

गेल्या वर्षी त्यांचे यजमान केशवराव गेले. दोघांनी देहदानाचा अर्ज आमच्याच कॉलेजात भरला होता. मेंदूच्या बरणीवर नाव नसतं, नंबर असतो, आणि तो कोणाचा हे विचारायचं नाही असा इथला रिवाज. हा नंबर मात्र बाईंना ठाऊक होता. मेंदू औषधात मुरल्यावर मी म्हणालो, दुसऱ्या कोणाकडून काप करून घेतो. त्यांनी बरणी स्वतःकडे ओढली.

"बाकीच्यायचे मीच कापते नं सर, मंग ह्यायचा काहून नाही?"

काम करता करता त्या पहिल्यांदा घरचं बोलल्या. केशवराव एसटीत कंडक्टर, कुहीच्या गाडीत बसलेल्या प्रत्येकाला हसवणारा माणूस. निवृत्तीनंतर त्यांचं हसणंच गेलं. चेहरा लाकडासारखा, आवाज बारीक, काही विचारलं तर बऱ्याच वेळानं एक शब्द. हात थरथरत नव्हते, म्हणून डॉक्टरांनी वयावर ढकललं. बाईंनी गृहीत धरलं की हा माणूस आपल्याला विटला. मूलबाळ नाही, घरात तिसरं कोणी नाही. मग त्यांनीही बोलणं टाकलं. ताट वाढायचं, ताट उचलायचं, अशी दोन वर्षं. ते खरंच विटले होते का, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

मेंदूच्या देठात, खोल आत, दोन काळे पट्टे असतात. तिथल्या पेशींचे तंतू मेंदूच्या गाभ्यापर्यंत जातात आणि तिथल्या पेशींना न टेकता, मधल्या बारीकशा फटीत रसायन सोडतात. पाऊल उचलणं, बोलणं, चेहऱ्यावर हसू उमटणं त्यावर चालतं. केशवरावांचे पट्टे नुसत्या डोळ्यांनाही फिके दिसत होते. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पेशी बोटांवर मोजण्याइतक्या उरलेल्या, आणि त्यांच्यातही आजाराचे गुलाबी गोळे. कंपवात. हात न थरथरताही तो होतो. ह्याच आजाराची स्लाइड बाईंनी तीस वर्षं विद्यार्थ्यांसाठी बनवली होती.

मी सांगितलं, ते विटले नव्हते, त्यांना हसताच येत नव्हतं. बाईंना हायसं वाटेल म्हणून मी खूश होतो, गाढवासारखा.

त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग मान न उचलता म्हणाल्या, "सर, ह्यायले समजत तर होतं नं सारं?"

खोटं बोलायला हवं होतं. पण शिकवायची सवय. मी म्हणालो, हो, समजणारा भाग वेगळा, तो शेवटपर्यंत धड होता.

"मंग मी बोलत नोहती, थे बी समजत असन त्यायले."