ताडपत्रीवरची रेघ

शिरूर कासारचा तो ताडपत्री शिवणारा टेप वापरत नसे. ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे ताडपत्रीच्या झोपड्या, शिवताना तो सगळ्या कुटुंबालाच ताडपत्रीवर आडवं करी आणि कडेने खडूची रेघ ओढी.

उन्हाळ्यात मुलांना घेऊन गाडीने डोंगरात जायचं होतं. हॉटेल परवडत नव्हतं, म्हणून तंबूसाठी आम्ही चौघं त्याच्या ताडपत्रीवर आडवे झालो. गुडघ्यांमुळे आईला घरी ठेवायचं मी ठरवलं होतं. ती त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती.

“आजी, तुमी कावून बसल्या?” त्याने विचारलं.

“मला चढवत न्हाई, बाबा.”

“डोंगर ह्यांना चढू द्या की. तंबूपाशी माणूस नको का? या, मधी या. म्हातारं माणूस कडेला निजवत न्हाईत.”

मी काही बोलण्याआधीच आई चपला काढून नातवंडांच्या मध्ये आडवी झाली. त्याने रेघ पुसली आणि हातभर पलीकडे नवी ओढली.