हेमंत आधी पायांकडे बघतो

चामड्याच्या बुटांच्या दुकानात एवढे किस्से कुठून येतात, असं मला माझी नणंद नेहमी विचारते. सोपं आहे. माणूस डॉक्टरला खरं सांगतो, वकिलाला अर्धं सांगतो आणि आमच्या काउंटरवर बूट ठेवला की बिनदिक्कत थापा मारतो. ‘मी घेतल्यापासून एकदाही पॉलिश केलं नाही,’ असं आजवर एकाही गिऱ्हाइकाने कबूल केलेलं नाही. दोष नेहमी दुसऱ्याचा! सासूने उन्हात ठेवले, कुत्र्याने चावले, मेव्हण्याने न विचारता लग्नाला नेले. मी मान डोलावते आणि बुटाला चिठ्ठी बांधते. ऐकलेलं मात्र पोटात राहतं.

दुकान जळगावात आहे आणि ते माझ्या चुलत भावाचं, हेमंतचं. जुन्या बुटाचा मेलेला रंग उतरवायचा, भेगा भरायच्या, नवा रंग चढवायचा, टाच-सोल बघायचं, हे त्याचं काम. गिऱ्हाइकाशी बोलायचं माझं. हेमंत पाइपच्या कंपनीत चांगला इंजिनिअर होता. एक दिवस नोकरी सोडून आग्र्याला गेला आणि हे शिकून परत आला. माझे काका, म्हणजे हेमंतचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणतात. नानांनी तेव्हा दोन दिवस जेवण सोडलं होतं. काकू सांगतात, एकच दिवस.

खरी अडचण पुढे आली. हेमंतचं लग्न जमेना. स्थळ यायचं, पत्रिका जुळायची, उंची जुळायची, मग कुणीतरी विचारायचं, मुलगा करतो काय? की गाडी तिथेच पंक्चर. नाना रात्रंदिवस त्याच काळजीत. हेमंतलाही लग्न हवं होतं, पण तो बोलून दाखवायचा नाही. मला तर ते फारच हवं होतं, कारण दुपारी तो माझ्याच डब्यातलं जेवायचा.

*

दुकानाच्या पाटीवर बुटाचं चित्र नको, ही नानांची अट होती. पाटी बघून स्थळ परत जाईल म्हणे. म्हणून आम्ही नुसतं ‘लेदर केअर’ लिहिलं. त्यामुळे लोक काय वाटेल ते घेऊन यायला लागले. सोफ्याची गादी आली, मोटरसायकलचं सीट आलं, आणि होळीच्या आधी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून एक आबा भलामोठा ढोल घेऊन आले. चामडं कोरडं पडलंय, काहीतरी करा म्हणाले.

हेमंतला चामडं कोरडं पडलेलं बघवत नाही. त्याने बुटाला लावतो ते क्रीम प्रेमाने ढोलाला चोळलं, दोन हात दिले, पुसलं. चामडं असं मऊ झालं की गालावर फिरवावं. आबांनी हौसेने थाप मारली. उशीवर मारल्यासारखा आवाज आला!

आबा चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, “पोरा, हा पायात नाही घालायचा.”

मग ढोल आमच्या गच्चीवर ठेवला. जळगावचं ऊन कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्याने सगळं क्रीम ओढून काढलं आणि होळीच्या आधी ढोल पुन्हा वाजायला लागला. हेमंतने गच्चीवर वाजवूनच खात्री करून घेतली आणि अख्ख्या गल्लीची झोपमोड केली. दुसऱ्या दिवशी नाना स्वतः पेंटरला घेऊन आले. पाटीवर बूट आला.

*

रावेरचे एक केळीचे व्यापारी आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. भाऊंनी पुण्याहून फिकट तपकिरी रंगाचे भारी बूट आणले आणि पहिल्याच दिवशी ते घालून केळीच्या बागेत घड कापायला उभे राहिले. केळीचा चीक एकदा लागला की निघत नाही, हे रावेरच्या लहान मुलालाही ठाऊक असतं. भाऊंना ते चाळीस वर्षं ठाऊक होतं. तरी बूट डागांनी चितळासारखे झाले.

हेमंतने हात टेकले. बूट पूर्ण गडद करू, एवढाच उपाय आहे म्हणाला. मग पट्टीवर नमुने काढून दाखवले. हा कॉफी, हा चॉकलेटी, हा अक्रोड. भाऊंना एकही पटेना. शेवटी त्यांनी डागावरच बोट ठेवलं.

“ह्यो रंग द्या ना. मले ह्योच आवडला.”

हेमंतने चार प्रकारे रंग मिसळून पाहिले. चिकाचा तो काळपट तपकिरी काही जमेना. मग भाऊंनीच तोड काढली. पुढच्या खेपेला केळीचा ताजा दांडा घेऊन आले आणि काउंटरवर आडवा ठेवला. हेमंतने खरोखर सगळा बूट चिकाने रंगवला. अप्रतिम झाला! फक्त आता भाऊंची तक्रार अशी आहे की बागेत गेलं की नवा डाग दिसत नाही, मग बूट वापरल्यासारखे वाटतच नाहीत.

*

धुळ्याहून एक काका आले. पिशवीतून एकच बूट काढला. मला वाटलं दुसरा विसरले.

“दुसरा चांगला शे,” ते म्हणाले. “त्याले कसाले हात लावतस?”

हेमंतने समजावलं की एकाच बुटाला नवा रंग दिला तर जोडी विजोड दिसेल. काका म्हणाले, तुम्ही शहरातले लोक चांगल्या वस्तूला औषध देता. शेवटी केला एकच. महिन्याभराने काका दुसरा घेऊन हजर. पहिला घरी ठेवून आले होते, कारण आता तो चांगला होता! सगळं गाव त्यांना हटकत होतं.

“बठ्ठा गाव इचारस, एक बूट कोना घालेल शे?”

पहिला बूट समोर नसताना हेमंतने आठवणीवर रंग मिसळला. आता दुसरा जरा जास्त उजळ आलाय. काका पहिला घेऊन येणार आहेत.

*

हेमंत माणसाच्या तोंडाकडे बघतच नाही. आधी पाय. बाजारात ओळखीचा माणूस भेटला तर खाली बघून नमस्कार करतो. लोकांना वाटतं, फार विनयशील मुलगा आहे.

पाचोऱ्याला मुलगी बघायला गेलो होतो. परतीच्या वाटेवर काकूंनी आशेने विचारलं, कशी वाटली रे?

“टाच बाहेरून झिजलीय,” हेमंत म्हणाला. “डाव्या पायावर भार देते. सोल बदलला तर दोन वर्षं जाईल.”

नानांनी गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून थोडा वेळ उभे राहिले.

*

सगळ्यात मोठा गोंधळ भुसावळच्या लग्नात झाला. नवरदेवाला शेरवानीखाली मरून रंगाचे बूट हवे होते आणि ते त्याने अगदी शेवटच्या घटकेला दिले. रंग नीट मुरायला आणि वरून पक्का करायला आणखी वेळ लागेल, असं हेमंत सांगत होता. नवरदेवाचा मामा ऐकेना. बूट सुकलेत की, म्हणत घेऊन गेला, आणि हेमंतने भिडेखातर नेऊ दिले.

त्या लग्नाला नाना मुद्दाम हेमंतला घेऊन गेले होते. मुलीकडच्या नात्यातलं एक स्थळ तिथे मुलगा बघणार होतं. त्या मुलीची आई नानांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. हेमंतला नवा शर्ट होता. सगळं कसं छान चाललं होतं.

मे महिना, मांडव आणि बुटात मोजे न घातलेला नवरदेव. सासरे पाय धुवायला बसले. बूट निघाले, पाय परातीत आले, पाणी पडलं आणि परात लालभडक झाली. मागून कुणीतरी रक्त म्हणून ओरडलं. सासऱ्यांनी घाबरून आणखी पाणी ओतलं. आणखी लाल! नवरदेव गोंधळून उठला आणि पांढऱ्या चादरीवरून चालत गेला. चादरीवर लाल पावलांची रांग उमटली. मुलीकडच्या बायकांना हसू आवरेना. एक आत्या म्हणाली, आता माप नवऱ्या मुलालाच ओलांडू द्या.

कुणाला नाव कळलं नाही तर निभावेल, असं नानांचं गणित. तेवढ्यात नवरीच्या काकांनी विचारलं, बूट कुणी रंगवलेत? नवरदेव बिचारा भला माणूस. त्याला वाटलं, कौतुकच चाललंय. त्याने स्टेजवरून बोट दाखवलं.

“आपले जळगावचे हेमंतभाऊ. ते बघा, तिथे बसलेत.”

शेजारची खुर्ची जेवणाआधीच रिकामी झाली.

*

त्यानंतर बराच काळ स्थळ आलंच नाही. हेमंतला चिडवायचं मीही सोडलं होतं, यावरून काय ते समजा. मग धुळ्याचं स्थळ आलं. मुलगी अश्विनी, शाळेत विज्ञान शिकवते. आम्ही बघून आलो, मुलगी सगळ्यांना आवडली, आणि या वेळी हेमंतने तिचा चेहराही बघितला होता, हे मी शपथेवर सांगते. तिचे वडील एसटीत कंट्रोलर होते, तिथून निवृत्त झालेले. त्यांना ती दादा म्हणते. मध्यस्थांकडून दादांचा निरोप आला की मुलगा चांगला आहे, पण चार लोकांत धंदा काय सांगायचा, ते मनाला पटत नाही. तरी घर बघून जातो.

म्हणजे हे अखेरचं होतं. इथून नकार आला तर नाना पुन्हा कुणाच्या दारी जाणार नव्हते, तसं त्यांनी सांगूनच टाकलं होतं.

दादा, मुलीची आई आणि अश्विनी रविवारी आले. नानांनी सकाळपासून हेमंतच्या नखांतला रंग लिंबाने घासून काढला होता आणि बजावलं होतं की आज बुटाचा विषय घरात निघता कामा नये. पाहुण्यांनी दारात पायताणं काढली. भरीत-पुरीचा वास सुटला होता. दादा मात्र जेवायला थांबणार नाही म्हणाले. चहा झाला, गप्पा हवापाण्यावर आल्या. हेमंत फोन आलाय म्हणून उठला आणि परत आलाच नाही.

दादा घड्याळ बघून उठले. सगळे दारापर्यंत गेलो. दारात दादांचे बूट नव्हते.

नाना शेजारच्या कुत्र्याला शिव्या देत फाटकापर्यंत धावले. मी मात्र सरळ मागच्या ओट्यावर गेले. हेमंत तिथे उकिडवा बसला होता. पुढ्यात स्पिरिटची बाटली, काळीकुट्ट झालेली फडकी आणि दादांचे बूट. एक होता तसाच, काळा आणि भेगाळलेला. दुसऱ्याचा सगळा काळा उतरवलेला, आणि खालून मधासारखा तांबूस रंग निघालेला.

“ताई, किती चांगलं चामडं आहे बघ,” तो म्हणाला. “वरून नुसते काळ्या पॉलिशचे थर चढवलेत.”

मी काही बोलायच्या आत माझ्यामागे दादा येऊन उभे राहिले होते. त्यांच्यामागे नाना, काकू, सगळे. नाना हात जोडायला लागले. दादांचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी तो तांबूस बूट उचलला आणि ओट्याच्या कडेला उजेडात नेला.

“हे मी लग्नाला घेतले होते,” ते बायकोला म्हणाले. “मग ड्युटीला काळे लागायचे, म्हणून काळे केले. हा रंग मी विसरूनच गेलो होतो.”

मुलीच्या आईने पदराने डोळे टिपले. मलाही भरून आलं, उगाच कशाला लपवू.

दुसरा कधी होईल, असं दादांनी हेमंतला विचारलं. हेमंतने भुसावळपासून धडा घेतला होता. रंग मुरल्याशिवाय देणार नाही, म्हणाला. आज नाही, उद्याही नाही. दादांनी होकारही दिला नाही, नकारही दिला नाही. नानांच्या रबरी चपला पायात सरकवल्या आणि रिक्षाकडे चालायला लागले. नाना भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

अश्विनी मागे राहिली. तिने दारातल्या तिच्या सँडल उचलून आणल्या आणि ओट्यावर दादांच्या बुटांशेजारी ठेवल्या. हेमंतने सवयीने उचलल्या. टाच बघितली, वादी ओढून बघितली, शिलाईवरून बोट फिरवलं.

“यांना तर काहीच झालेलं नाही,” तो म्हणाला.

“माहितीये,” ती म्हणाली, आणि काकूंच्या चपला घालून रिक्षात जाऊन बसली.