वाघचौरेबाईंची वाटी

वाघचौरेबाईंच्या हातात पेनड्राइव्ह दिला की त्या आधी तो कानाशी नेऊन हलवायच्या. नारळात पाणी आहे का ते बघतात ना, अगदी तसा. मग टेबलावर ठेवून विचारायच्या, "रिकामा तर नाय ना?" पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी मनात म्हटलं, झालं! सरकारी मदतीवर चालणाऱ्या केंद्रात कुणाला आणून बसवतील याचा काही नेम नाही. पण उपग्रहाची जी चित्रं उघडायला आम्ही नवराबायको आठवडाभर डोकं फोडत होतो, ती बाईंनी चहा निवायच्या आत माझ्या लॅपटॉपवर उघडून दिली. मी मुकाट्यानं चहा प्यायले. पेनड्राइव्ह हलवणं ही त्यांची थट्टा होती, हे पुढे कळलं.

आमची कंपनी म्हणजे पुंडलिकनगरात एका शिवणकामाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, थोडे कॉम्प्युटर, एक ड्रोन आणि माझा नवरा प्रसाद. हा प्रसाद घरी माझं ऐकतो आणि ऑफिसात अजिबात ऐकत नाही. आमचं काम नकाशांचं. कुठल्या शिवारात किती ओल आहे, कुठल्या विहिरीचं पाणी कधीपर्यंत टिकेल, असलं सांगायचं. आता हे सांगायला पावसाचे आकडे लागतात, जमिनीतल्या ओलाव्याचे लागतात, वरून काढलेली चित्रं लागतात. हे सगळं विकत घ्यायची ऐपत आमच्यासारख्या चिल्लर कंपन्यांकडे कुठली असायला! म्हणून तर ते केंद्र काढलं होतं. पाणी, माती, हवा यांची सगळी माहिती एका सामाईक साठ्यात ठेवायची आणि लहान कंपन्यांनी ती फुकट वापरून धंदा करायचा. साठा कॉम्प्युटरवर कुणालाही दिसायचा, पण त्यातलं काय घ्यावं, कसं घ्यावं, हे कुणालाच कळत नव्हतं. ते सांगायला वाघचौरेबाई होत्या.

बाई गंगापूर तालुक्यातल्या, शेतकरी घरातल्या. भूगोल शिकलेल्या. सुती साडी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा आणि साडीखाली पांढरेशुभ्र बूट. शिकवताना कधी कंटाळायच्या नाहीत, पण त्यांचा एक नियम होता. साठ्यातून कितीही घ्या, त्या बदल्यात तुमच्याकडचं काहीतरी साठ्यात टाकायचंच. मी पहिल्याच दिवशी कुरकुर केली, तर मला म्हणाल्या, "मीनल, शेजारणीनं वाटीत घालून काही पाठवलं, तर वाटी कशी परत देतीस?"

"धुऊन," मी म्हटलं.

"धुऊन! अगं माय! रिकामी?"

"नाही हो बाई, काहीतरी घालूनच देते."

"मग इथं काहून येगळं करायचं?" असं म्हणून त्यांनी ड्रॉवरमधून खरोखरीची स्टीलची वाटी काढली. तिच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी त्यांच्या आईचं नाव घातलेलं होतं. वाटीत जवसाची चटणी होती. "ही घरी घेऊन जा," म्हणाल्या, "अन् वाटी आणून दे." मी ती रव्याचे लाडू घालून परत दिली. पुढच्या खेपेला तिच्यातून लोणचं आलं. अशी ती वाटी आमच्यात सुरू झाली ती झालीच.

त्याच सुमाराला आमच्या नशिबात एक मोठं काम आलं. गंगापूरकडच्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली होती. तिचे अध्यक्ष आण्णा, पांढऱ्या मिशांचे आणि मोजकं बोलणारे. ते म्हणाले, "उसाला पाणी पुरंल का नाय, एवढं सांगा. आधी एका गावाचं दाखवा. पटलं तर तमाम गावांचं काम तुमचं. नाय पटलं तर पुण्याची मोठी कंपनी दारात उभी हाय." आमची हालत तेव्हा नाजूक होती. हे काम हातचं गेलं तर दोनातली एक खोली सोडायची आणि प्रसादनं नोकरी बघायची, हे आमचं बोलून झालेलं होतं. म्हणजे कंपनी संपलीच की!

बाईंनी आम्हाला भरभरून दिलं. पाऊस दिला, ओलावा दिला, कुठला आकडा भरवशाचा आणि कुठला नाही तेही सांगितलं. मग हात पुढे केला. "आता वाटी. उन्हाळ्यात विहिरी मोजल्या ना तुम्ही? ते आकडे टाका."

मी घरी येऊन हे सांगितलं, तर प्रसाद ताडकन उठला. उन्हातान्हात गावोगाव फिरून, विहिरीत दोरी सोडून आम्ही ते आकडे गोळा केलेले. "तेवढंच तर आपलं भांडवल आहे! उद्या काकडे ते उचलेल आणि आपल्याआधी गंगापूरला जाऊन बसेल." काकडे म्हणजे चितेगावचा आमचा प्रतिस्पर्धी. तिथल्या कारखान्यांसाठी धूळ-धुराचे नकाशे करायचा आणि शेतीच्या कामावरही डोळा ठेवून असायचा. केंद्रातून तो पोत्यानं माहिती न्यायचा. एकदा तर बाईंनी त्याला सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "काकडे, तुमच्या ताटात लई वाढून झालं. आता जरा उठून दुसऱ्यालाबी वाढा."

तर प्रसादनं काय करावं? एका मंगल कार्यालयावरून ड्रोननं काढलेले लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर घातले आणि मला न सांगता केंद्रात पोचवून आला. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. "मीनल, पंगत बघितली. जिलबी संपत आल्यासारखी दिसायली. पाणी कुठं हाय ते काय दिसंना."

लाजेनं माझे कान तापले. आधी प्रसादला फैलावर घेतलं आणि मग तणतणत बाईंकडे गेले. म्हटलं, "बाई, झालं ते चुकलंच. पण तुमचा पगार सरकारी आहे. आमचं पोट त्या आकड्यांवर आहे."

बाई चिडल्या नाहीत. बशीत चहा ओतत म्हणाल्या, "विहीर तुझी का?"

"नाही."

"पाणी तुझं?"

"नाही. पण मोजलं आम्ही!"

"व्हय की. दोरी तुमची, मेहनत तुमची. त्या आकड्यावरून पुढं काय व्हणार हे सांगायचं डोकं तुमचं. ते ठेवा की घरी झाकून! कोण मागायलंय? पाणी कुठवर हाय, तेवढंच टाका म्हणते मी." मग हसल्या. "आमच्या मायचं अन् शेजारच्या काकूचं बांधावरून भांडण. बोलणं बंद. पण वाटी चालू! मधल्या भिंतीवर ठेवायची अन् तोंड फिरवून वरडायचं, 'कुणाची वाटी हाय गं ती?' घरात काही नसलं तर माय चिमूटभर साखर टाकायची, पण रिकामी नाय द्यायची. भांडणाच्या जागी भांडण."

काकूचं ते तोंड फिरवून ओरडणं बाईंनी असं करून दाखवलं, की आले होते रागावून आणि हसत हसत जिना उतरले. त्याच दुपारी मी विहिरी साठ्यात टाकल्या. गणितं आमच्याकडेच ठेवली. प्रसाद ऑफिसात माझ्याशी बोलेना. घरी मात्र बोलत होता, जेवायचं होतं ना!

आणि मग, आता कधीही बातमी येईल की काकडे गंगापूरला पोचला, अशा धास्तीत असताना खुद्द काकडेचाच फोन. हसू दाबत म्हणाला, "ताई, तुमच्या विहिरी देवाला निघाल्या का?"

"म्हणजे?"

"एक मारुतीच्या देवळात शिरलीय. एक एसटी स्टँडवर गाडीची वाट बघायलीय. सगळ्याच्या सगळ्या एका अंगाला सरकल्यात बघा."

झालं होतं असं, की विहिरींच्या जागा आम्ही एका जुन्या कागदी नकाशावर खुणा करून घेतल्या होत्या. त्या जुन्या नकाशाची मोजणी एका पद्धतीची, उपग्रहाची दुसऱ्या पद्धतीची. दोन्हींचा मेळ घालावा लागतो, तो आम्ही घातलाच नव्हता. आणि आमच्या ते लक्षात तरी कसं येणार? आमच्या नकाशावर आमच्या विहिरी अगदी जागच्या जागी दिसत होत्या. काकडेनं उपग्रहावरून त्या भागातले रस्ते, देवळं, बांध काढून ठेवले होते, त्यावर त्यानं आमच्या विहिरी मांडल्या तेव्हा हा गोंधळ उघडा पडला.

"आम्हाला कशाला सांगितलंत?" मी विचारलंच. मला राहवेना.

"काय करता! तुमच्या विहिरी घेतल्या तवा बाईंनी बजावलं, वाटी रिकामी यायला नको. म्हणून माझे रस्ते, देवळं, बांध सगळं टाकलंय साठ्यात. बसवून घ्या तुमच्या विहिरी. मारुतीला तरी मोकळं करा."

प्रसादनं फोन ऐकला आणि लगेच कामाला बसला. संध्याकाळपर्यंत सगळ्या विहिरी आपापल्या शेतात परतल्या.

गंगापूरच्या बैठकीत भिंतीवर नकाशा लावला. आण्णा उठून भिंतीपाशी गेले, एका ठिपक्यावर बोट ठेवून वाकून बघत राहिले. "ही माझी," ते म्हणाले. "हिच्यावर लिंब हाय. उन्हाळ्यात हिचा तळ दिसतो, तेबी बरोबर लिहिलंय." हीच विहीर मारुतीच्या देवळात दिसली असती तर आण्णांनी आम्हाला तिथल्या तिथे नारळ दिला असता. काम मिळालं. एवढ्या गावांवर ड्रोन उडवायचं आमच्या एकट्याच्यानं होणार नव्हतं, म्हणून ते काकडेला दिलं. ही सूचना प्रसादची होती, हे मुद्दाम सांगते.

मी धावत बाईंकडे गेले. वाटीत शिरा होता. बाई म्हणाल्या, "मिळालं? लई बेस झालं." शिरा खाल्ला, चमचा ठेवला आणि म्हणाल्या, "मग बाकीच्या गावांच्या विहिरी कधी टाकायलीस?"

पुढे बाई निवृत्त झाल्या. त्यांची जागा काही भरली नाही. निरोपाच्या कार्यक्रमाला आम्ही सगळ्या चिल्लर कंपन्या हजर होतो. शाल झाली, हातात श्रीफळ दिलं, आणि बाईंनी सवयीनं ते कानाशी नेऊन हलवलं. सगळे पोट धरून हसले. मीही हसले आणि मग मला रडू आलं. कारण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. वाढणारं माणूस उठलं, आता जो तो आपलं ताट झाकून बसणार.

बाई गंगापूरकडे शेतावर राहायला गेल्या आणि तिथं त्यांनी पाऊस मोजायचं साधं भांडं बसवलं. रोज सकाळी आम्हा सगळ्यांच्या ग्रुपवर त्यांचा आवाज यायला लागला. आज इतका पाऊस, लिहून घ्या. मग आण्णांच्या गावांतली माणसंही ग्रुपवर आली आणि पाऊस पडला की आपापल्या गावाचा आकडा पाठवायला लागली. मग भर पावसाळ्यात पावसानं दडी मारली. बाकीचे आकडे थांबले, तरी बाईंचा आवाज चालूच. "आज निरंक. लिहून घ्या." दुसऱ्या दिवशीही निरंक, तिसऱ्या दिवशीही निरंक. काकडे म्हणाला, "बाई, पाऊस नसला तर कशापायी त्रास घेता?"

"अरे, मी सांगितलंच नाय, तर पाऊस नाय का मीच उठले नाय, हे तुला कसं कळायचं?"

दुसऱ्या दिवसापासून आण्णांच्या गावांतली माणसंही "निरंक" पाठवायला लागली. तोवर ज्या दिवशी आकडा आला नाही त्या दिवशी नक्की काय झालं, हे आम्हाला कधी कळायचंच नाही. आता कोरडं कुठं आहे आणि नुसतं लिहायचं कुठं राहिलंय, हे वेगळं दिसायला लागलं. त्या जोरावर आम्ही आण्णांना सांगू शकलो, की या विहिरींवरून उसाला पाणी द्या, त्या विहिरींना इतक्यात हात लावू नका. ऊस वाचला. गंगापूरचं काम पुढच्या वर्षालाही आमच्याकडेच राहिलं. बाई नसताना.

हे सांगायला मी बाईंच्या शेतावर निघाले. त्यांची वाटी माझ्याकडे होती, तिच्यात बेसनाचे लाडू रचले. गाडी काकडेची. गंगापूर यायच्या आत त्यानं "एक घेतो", "अजून एक घेतो" करत वाटी साफ केली. चांगली खरडपट्टी काढली मी त्याची, पण लाडू काय परत येणार होते?

बाई दारातच उभ्या होत्या. बूट तेच, पांढरे. माझ्या हातातून वाटी घेतली, कानाशी नेली, हलवली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"निरंक," मी म्हटलं.

बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की त्यांना दाराच्या चौकटीला धरावं लागलं. "लिहून घेते," म्हणाल्या आणि वाटी घेऊन आत गेल्या. ती भरून आली. अजून माझ्याकडेच आहे, आणि यंदा तिच्यात काय घालून न्यावं, हे मी आणि प्रसाद रोज ठरवतो आणि रोज बदलतो.