जॅनेटच्या प्रेतावरचं भाड्याचं कापड

"मॅडम, बंद झालेली फाईल कशाला उकरून राहिलात?" आमचे साहेब दारातूनच म्हणाले.

"क्लायंटचा परत मेल आलाय सर. बहीण लई आजारी आहे, अजून एकदा बघा म्हणतात."

लातूरच्या आमच्या ऑफिसात परदेशातल्या लोकांचे पूर्वज शोधून देतात. माझ्याकडे स्कॉटलंडमधल्या चर्चची जुनी दफनाची रेकॉर्डं. मी मूळची हदगावची. माझ्या स्वतःच्या पणजीचं नाव विचाराल तर मला सांगता यायचं नाही, पण तिकडच्या लोकांच्या खापरपणज्या रोज हुडकते.

ही फाईल मार्गारेट नावाच्या बाईंची. त्यांच्या खापरपणजीचं नाव जॅनेट. ती नवरा आणि लेकरं टाकून पळून गेली, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. मार्गारेटची थोरली बहीण एल्सी हिनं मारकुट्या नवऱ्याचं घर सोडलं, तेव्हा सगळे म्हणाले, शेवटी रक्त जॅनेटचंच. ते बोलणं एल्सीला जन्मभर लागलं. जॅनेट खरंच पळाली का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. गावातच मेली असेल तर दफनाची नोंद सापडायला हवी. आम्ही मागच्या वर्षी कळवलं होतं, नोंद नाही.

तो शोध मुरुडच्या सवितानं घेतला होता, तेव्हा ती नवीनच लागली होती. मी तिला बोलावलं.

"बेअर्ड आडनावानं शोधलंस ना?"

"हाव मॅडम. नवऱ्याचं तेच की. सगळे बेअर्ड बघितले."

"तिकडं बाई मेली की माहेरच्या आडनावानं लिहायचे."

"लग्न झाल्यावर? म्हायेरच्या?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "आपल्याकडं तर पहिलं नाव बी ऱ्हात न्हाई."

मी माहेरची शैला, सासरी वैशाली झाले. तिच्या जागी आमच्यातलं कुणीही बेअर्डच शोधत बसलं असतं.

दुसरी एक गंमत अशी, की जुन्या काळी तिकडे पुष्कळ गावांत मृत्यूची नोंद अशी वेगळी नसेच. चर्चकडे एक काळं कापड असायचं. ते भाड्यानं घ्यायचं, दफनभूमीपर्यंत प्रेतावर घालून न्यायचं आणि परत करायचं. त्या भाड्याचा हिशेब लिहिलेला, म्हणून माणूस मेलेला आम्हाला कळतो. मोठ्या माणसाला मोठं कापड, लेकराला लहान. ज्यांना भाडं परवडत नसे, त्यांचं नाव बहुतेक कुठंच नाही.

जॅनेटचं माहेरचं आडनाव मुईर. ते घेऊन बसले आणि जेवणाच्या सुट्टीआधी ती सापडली. 'जॅनेट मुईर, रॉबर्ट बेअर्डची बायको, मोठं कापड.' खालच्याच ओळीत, त्याच तारखेला, 'तिचं मूल, लहान कापड.'

बाळंतपणात गेली असणार. कुठं पळाली नव्हती बिचारी. मला भरून आलं. सविता डबा न उघडताच बसून होती.

मी रिपोर्ट लिहून साहेबांकडे नेला.

"म्हणजे पहिला रिपोर्ट चुकला असं आपणच लिहून द्यायचं? आधी हेड ऑफिसला विचारू."

"सर, ती बाई अंथरुणाला खिळलीय."

"पद्धत म्हणजे पद्धत, मॅडम."

इतकी वर्षं ज्यांना घाई नव्हती ते चार दिवसांनी काय अडणार, असा त्यांचा हिशेब. हेड ऑफिसनं मंजुरी दिली, एक स्वल्पविराम बदलून. रिपोर्ट गेला.

मार्गारेटबाईंचं उत्तर फार सभ्य होतं. एल्सी आदल्या आठवड्यात, नवा रिपोर्ट पोचायच्या आधीच गेली. आमचा पहिला रिपोर्ट तिनं स्वतः वाचला होता. 'मग पळालीच म्हणायची,' एवढंच म्हणाली आणि पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. नवा रिपोर्ट मार्गारेटबाईंनी तिच्या दफनाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवला. नातेवाईक सगळे होते, जॅनेटचं नाव घेऊन टोमणे मारणारेही. बिल भरल्याची पावती सोबत जोडली होती.

साहेबांनी मेल वाचला. मग म्हणाले, "माहेरच्या आडनावाचा नियम ट्रेनिंगमध्ये घाला." घातला.

मी आणखी एक केलं, कुणाला न विचारता. आमच्या ठरीव नमुन्यात 'नोंद नाही' असं वाक्य होतं. ते काढलं. आता तिथं असतं, 'आम्हाला नोंद सापडली नाही.'