नीतीचा सप्ताह आणि गेटवरचं बटण

गेटवर बसणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. रस्त्याची धूळ जशी आपोआप येऊन खुर्चीवर बसते, तसे तेही येतात. सकाळी झटकले, तरी संध्याकाळी पुन्हा तेवढेच. मी शाळेत काही गेलो नाही. देवासच्या या पंपांच्या कारखान्यात रखवालदारी करता करताच म्हातारा झालो. पण ज्या वर्षी कंपनीने आम्हाला नीती शिकवायची ठरवली, त्या एका आठवड्याची धूळ अजून झटकली जात नाही.

*

सुरुवात भिंतीपासून झाली. एचआरचे फणसेसाहेब मोठे हौशी. त्यांनी गेटसमोरच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने लिहून घेतलं, ‘कंपनीची वस्तू ही कंपनीचीच.’ मला अक्षराला अक्षर लावून वाचावं लागतं. माझं वाचून होईपर्यंत उरलेला रंग साहेबांच्या गाडीतून बाहेर पडला आणि त्यांच्या बंगल्याच्या फाटकावर चढलासुद्धा.

स्टोअरचे मोहन भिया सोनकच्छचे. बोलणं कमी, पण बोलले की लागतं. ते फाटक बघून आले आणि माझ्या खुर्चीशी वाकून म्हणाले, “काकासाब, अपने यां तो नीती बस लिखी है. साब के घर तो पूरी पोत दी.”

*

दुसऱ्या दिवशी इंदूरहून एक टायवाले गृहस्थ भाषण द्यायला आले. विषय वेळेची शिस्त आणि खरेपणा. दहाला यायचे होते, आले जेवणाच्या सुट्टीत. आम्ही उपाशीपोटी ऐकलं, की खोटेपणा करणारा माणूस आधी स्वतःला फसवतो. ऐकून बरं वाटलं.

शेवटी हजेरीच्या सह्या घेताना तेच गृहस्थ हळूच म्हणाले, “वेळ तेवढी दहाची टाका.”

सगळ्यांनी टाकली. मी अंगठा दिला. अंगठ्याला घड्याळ कळत नाही, तेवढं बरं.

*

साहेबांच्या बंगल्यात टोमॅटो छान येतात. कंपनीचा माळी कंपनीच्या वेळात तिथे पाणी घालायचा, मग का नाही येणार? त्याच आठवड्यात टोपलीभर टोमॅटो कॅंटीनला आले. सोबत निरोप, की फणसेसाहेबांकडून कामगारांना प्रेमाची भेट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माळ्यानेही वाजवल्या.

*

आता बटणाचं सांगतो. सुट्टी झाली, की प्रत्येक कामगाराने गेटवरचं बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला तर घरी जा, लाल लागला तर मी पिशवी उघडून बघणार. लाल कुणावर यावा, हे मशीनच्या मनावर. त्यामुळे लोकांनी त्याचा देवच करून टाकलाय. कोणी चप्पल काढून दाबतो, कोणी डोळे मिटून. गाड्यांना मात्र बटण नव्हतं. आणि गाड्या साहेबलोकांच्या.

त्या आठवड्यात लाल आला तो कॅंटीनच्या सुमनबाईंवर. नवरा नाही. घरी दात गेलेली सासू आणि शाळेत जाणारी मुलगी, सगळं त्या एका नोकरीवर. डबा उघडला तर आत सकाळचे पोहे. नेमके फणसेसाहेब तिथेच उभे होते.

“उरले होते, साहेब. वाया गेले असते,” सुमनबाई म्हणाल्या.

नियम असा, की उरलेलं अन्न मागच्या खड्ड्यात टाकायचं. त्या खड्ड्यावरची डुकरं चांगली धष्टपुष्ट आहेत. साहेब म्हणाले, “आज पोहे, उद्या पंप.”

पंप डब्यात मावत नाही, एवढं मी हळूच सांगून पाहिलं. पण सप्ताहाच्या शेवटी कंपनीच्या मालकीणबाई यायच्या होत्या, आणि त्यांना दाखवायला साहेबांना एक उदाहरण पाहिजे होतं. ते मिळालं.

*

शेवटच्या दिवशी मांडव घातला, समई लावली, मालकीणबाईंना हार झाला. फणसेसाहेबांनी माइकवर सुमनबाईंचं नाव घेऊन सांगितलं, की त्यांना उद्यापासून कामावर घेतलं जाणार नाही. मग श्रीखंड-पुरीचं जेवण झालं. वाढलं सुमनबाईंनीच.

सुट्टी झाली. सुमनबाई शेवटचं बटण दाबायला रांगेत उभ्या राहिल्या. बाजूने मालकीणबाईंची गाडी आली, तिच्या मागे साहेबांची. मालकीणबाईंनी काच खाली करून विचारलं, की हे लोक काय दाबतायत. मी सांगितलं.

“आणि गाडीवाले?”

“गाडीला बोट नसतं ना, बाई,” मी म्हटलं.

त्या खाली उतरल्या आणि स्वतः बटण दाबलं. हिरवा. मग मागे वळून म्हणाल्या, “फणसे, या.”

साहेबांनी डोळे मिटून दाबलं. लाल.

माझं काम मला करावंच लागतं. मी साहेबांच्या गाडीची डिकी उघडली. आत कॅंटीनचा मोठा भगोना. त्यात अर्ध्यापर्यंत श्रीखंड, वरून स्वच्छ टॉवेल बांधलेला.

“उरलं होतं, बाई,” साहेब म्हणाले. “वाया गेलं असतं.”

मालकीणबाई रांगेकडे वळल्या.

“सुमनबाई, सकाळी किती वाजता येता तुम्ही?”

“सहाला.”

“मग उद्याही सहालाच या.”

सुमनबाईंनी मान हलवली, पदर सारखा केला आणि फणसेसाहेबांकडे पाहिलं.

“साहेब, भगोना सहाच्या आत पाठवा. पोहे त्यातच होतात.”