कॉम्प्युटर क्लासमध्ये माझ्या डावीकडे बसणारी

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. आमच्या आसगावात कोणाच्या अंगात आलं, कोणाला तलावाच्या काठावर कोणी उभं दिसलं, असं काही कानावर आलं की दुसऱ्या दिवशी वर्गात त्या गोष्टीची चिरफाड करणारी बाई मीच. अंधश्रद्धेवरच्या भाषण स्पर्धेत पोरांना मुद्दे लिहून देणारीही मीच. त्यामुळे हे लिहिताना मला संकोच वाटतोय... पण जे झालं ते झालं. मी फक्त तेवढंच सांगणार.

आणि हो, हे मी स्वतः टाइप करतेय. मला दिसत नाही.

काचबिंदू होता. कळला तोवर उशीर झाला होता. आधी डावा डोळा गेला, मग उजवा. आता खिडकी कुठे आहे एवढं उजेडावरून समजतं, बाकी काही नाही. रजा संपत आली तेव्हा मुख्याध्यापक सर घरी आले. चांगले माणूस आहेत. म्हणाले, "मॅडम, तुम्ही काळजी करू नका. तुमची नोकरी कोणी काढून घेत नाही. तुम्ही फक्त येऊन ऑफिसमध्ये बसत जा."

"बसून काय करू, सर?"

"काही नाही. बसायचं."

मला बसायचं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, मला माझा आठवीचा वर्ग परत द्या. धडा तर मला तोंडपाठ आहे. ते म्हणाले, धडा ठीक आहे, पण प्रश्नपत्रिका कोण काढणार? गुण कोण भरणार? आता सगळं कॉम्प्युटरवर असतं. मी म्हटलं, मीच करणार. तुमच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर, तुमच्यासमोर करून दाखवते. जमलं तर वर्ग द्यायचा. ते म्हणाले, "ठीक आहे. शाळा उघडायच्या आधी संस्थेची माणसं येणार आहेत. त्यांच्यासमोर दाखवा."

बोलून तर बसले... पण करायचं कसं?

आमच्या शाळेच्या लॅबमध्ये लिनक्स आहे. त्यात स्क्रीन रीडर असतो, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आवाज, हे मला आमच्या ह्यांनी मोबाइलवर शोधून सांगितलं. पण तो शिकवणार कोण? नागपूरला अंधांसाठी एक वर्ग होता, तो दुसऱ्याच सिस्टिमवर आणि तिथेच राहून करायचा. भंडाऱ्यात दोन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी म्हणाले, मॅडम, तुम्ही मोबाइलच वापरा ना. मग एका हेल्पलाइनवर फोन लावला. तिथली मुलगी फार गोड बोलत होती.

"मॅम, स्क्रीनवर तुम्हाला काय दिसतंय?"

"मला दिसत नाही. त्यासाठीच फोन केलाय."

"ओके मॅम. मग जवळ कोणी दिसणारे असतील तर त्यांना फोन द्याल का?"

फोन ठेवला आणि मला हसूच आलं. हसता हसता रडूही आलं. पण दुसऱ्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, पवनीला चला.

पवनीला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक कॉम्प्युटर क्लास आहे. तो चालवणारे नितीन सर आमच्या ह्यांच्या ओळखीचे. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "मॅडम, स्क्रीन रीडर मला येत नाही. पण एका जुन्या मशीनवर लिनक्स टाकून देतो. उन्हाळ्यात दुपारी क्लास रिकामाच असतो. या, बसा, करून पाहा." एवढं बोलणारा तो पहिला माणूस होता. मी दुसऱ्याच दिवसापासून जायला लागले.

सोबत सासूबाई यायच्या. आसगावहून ऑटोने आम्ही दोघी पवनीला उतरायचो. मे महिना, रस्त्याच्या कडेला उन्हाळी धान वाळत घातलेलं, त्याचा वास. सासूबाई माझा हात धरून मला खुर्चीपर्यंत न्यायच्या आणि स्वतः दारापाशी कूलरसमोर बसायच्या. कूलर असा घरघरायचा की बोलणं ऐकू यायचं नाही. म्हणून सरांनी माझं मशीन पार आतल्या कोपऱ्यात ठेवलं होतं. मी नेहमी उजवीकडून आत शिरायचे, पर्सही उजव्या हाताला ठेवायचे. उजव्या कानात इअरफोन, डावा कान मोकळा... कोणी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून.

पहिल्या दिवशी सरांनी माउसने तो आवाज सुरू करून दिला आणि ते समोरच्या टेबलावर कोणाचा तरी प्रिंटर दुरुस्त करायला गेले. मी एक बटन दाबलं, आवाज सुटला तो सुटलाच. इंग्रजी, घाईघाईत, कुठे थांबायचं नाव नाही. मी दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. तोंडातून निघून गेलं, "काय बोलून राहिली ही मेली!"

डावीकडून कोणीतरी म्हणालं, "तूच घाई करून राहिली. थांब थोडी. तिले बोलू दे, मंग तू दाब."

बाईचा आवाज. माझ्यापेक्षा मोठी असावी. अगदी आमच्याकडची बोली.

"तुम्ही पण शिकायला येता का?" मी विचारलं.

"माहं शिकून झालं. मले बी नाही दिसत, बाई. बोटं ठेव बरं कीबोर्डवर. दोन बटनाइवर उंचवटा लागते पाह्य, एफ अन् जे. लागला का?"

लागला.

खोटं कशाला सांगू, डोळे गेल्यापासून एवढा आनंद मला कशाचा झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी बसले, थोड्या वेळाने ती आली. तिसऱ्या दिवशीही. ती शिकवायची कशी, ते सांगते. म्हणायची, "माउस विसरून जा. तो डोळेवाल्याइचा. तू शेतावर धुऱ्यानं जाते नं? टॅब म्हणजे धुरा. दाबलं का पुढच्या बांधीवर. शिफ्ट धरून दाबलं का मागच्या." आमच्याकडे धुरा म्हणजे शेताचा बांध आणि बांधी म्हणजे धानाच्या शेताचा तुकडा. वरच्या ओळीतली एफ-वन, एफ-टू अशी बटनं तिने मला अशीच शिकवली... चार बटनं, मग रिकामी जागा, मग पुन्हा चार. "बांध्या मोजल्यासारख्या मोज."

आणि एक गोष्ट मला तिची फार आवडली. डोळे गेले की जो तो तुमचा हात धरतो. बोट पकडतो आणि बटनावर आपटतो – इथे, मॅडम, इथे! हिने कधी माझ्या हाताला हात लावला नाही. जे सांगायचं ते तोंडानेच. चुकले की म्हणायची, "पुन्हा."

मी नाव विचारलं होतं. ती म्हणाली, "नाव घेऊन काय करतं? मराठीत टाइप कराले शिक." मीही मग जास्त विचारलं नाही. माझ्याकडे वेळच कमी होता.

एक दिवस आवाज मध्येच बंद पडला. मी नितीन सरांना हाक मारणार तेवढ्यात ती म्हणाली, "कायले बलावतं त्याले? शाळेत कोणाले बलावशील? खालच्या ओळीतलं डाव्या अंगानं दुसरं अन् तिसरं बटन धर. धरलं? आता एस दाब. तो बंद होते. पुन्हा तसंच दाब. उठते पाह्य." उठला. मला तिने ते परत परत करायला लावलं. म्हणाली, "मुका झाला तरी भ्यायचं नाही."

शाळेतला दिवस आला. लॅबमध्ये मुख्याध्यापक सर, संस्थेची दोन माणसं आणि मी. स्पीकर लावला होता. मी फाइल उघडली, आठवीची चाचणी टाइप करायला घेतली. तो यांत्रिक मराठी आवाज अक्षर न् अक्षर वाचत होता. तीन प्रश्न झाले आणि चौथ्याला... आवाज गेला.

खोलीत नुसता पंख्याचा आवाज. संस्थेतले एक जण हळूच म्हणाले, "झालं, मॅडम. एवढं केलं तेच खूप आहे. राहू द्या आता."

"राहू देणार नाही," मी म्हटलं.

बोटं खालच्या ओळीवर नेली. दुसरं, तिसरं, एस. काहीच नाही. पुन्हा दाबलं. आणि स्पीकर मोठ्याने बोलायला लागला. मी अर्धवट राहिलेला चौथा प्रश्न ऐकला, पुरा केला, पेपर पूर्ण केला. त्यांनी सांगितलं म्हणून गुणही भरून दाखवले. मुख्याध्यापक सर म्हणाले, "मॅडम, सोमवारपासून आठवी घ्या."

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन पवनीला गेले. नितीन सरांना दिले, मग आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. मशीन सुरूही केलं नाही. थोड्या वेळाने डावीकडून आवाज आला.

"झालं नं?"

"झालं! मध्येच मुका झाला होता. पण मी भ्याले नाही."

"बरं केलं. आता रकान्याइचे तक्ते बनवाचे राहिले तुहे. ते घेऊ."

"घेऊ, पण आधी तोंड गोड करा," असं म्हणून मी पेढा घेतला आणि डावा हात तिच्याकडे केला.

बोटं भिंतीवर आपटली.

पेढा माझ्या बोटांमध्ये चुरगळला. मला वाटलं, हात जास्तच पुढे गेला. मी तळहात टेकवला. चुन्याची थंडगार भिंत, माझ्या कोपरापासून वीतभरही लांब नाही. वर चाचपलं, खाली वाकून टेबलाच्या पायापर्यंत चाचपलं. भिंतच. तिथे खुर्ची काय, लहान मूल उभं राहील एवढीही जागा नव्हती.

"आई!" मी ओरडले. सासूबाई धावत आल्या. "आई, माझ्या डाव्या हाताला कोण बसतं?"

"डाव्या हाताले? तिथी त भिंत आहे नं, बाई."

"मग मी रोज कोणाशी बोलत होते?"

"मले काय मालूम? मले वाटे का त्या मशीनसंगंच बोलून राहिली. तिचा आवाज तुह्या कानात, मले थोडीच आयकू येते."

नितीन सरांनाही तेच वाटत होतं. कोपऱ्यात बाई पुटपुटतात, म्हणजे पाठ करतात. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. म्हणाले, भिंतीच्या पलीकडून आवाज येत असेल, थांबा, पाहून येतो. पलीकडे कृषी केंद्राचं गोदाम आहे. दुकानदाराने कुलूप काढून दाखवलं. आमच्या भिंतीला लागून खताच्या पोत्यांची थप्पी, छतापर्यंत. तो म्हणाला, पावसाळ्याआधी इथे आमचंच कोणी येत नाही, बाई कुठली?

मग सरांनी मला, स्क्रीन रीडर मुका झाला की दाबायची ती बटनं पुन्हा दाबून दाखवायला सांगितली. मी दाबली. ते म्हणाले, "मॅडम, मला हे माहीत नव्हतं. तुम्ही स्वतःच चालू करायला लागलात तेव्हा मला वाटलं, मोबाइलवर शोधलं असेल."

मी शोधलं नव्हतं. घरी ह्यांना विचारलं, त्यांनीही नाही.

माझ्या नागपूरच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, नजर गेली की मेंदू काही वेळा स्वतःच चित्रं, आवाज तयार करतो. वेडेपणा नाही तो. मी विज्ञानाची बाई, मला ते पटतं. शंभर टक्के पटतं. पण मला अजिबात माहीत नसलेलं बटन माझा मेंदू मला कुठून सांगेल? डोळे होते तेव्हा मी शाळेच्या कॉम्प्युटरवर माउसने गुण भरण्यापलीकडे काही केलेलं नाही. कधीतरी अर्धवट कानावर पडलं असेल, असंही स्वतःला समजावून पाहिलं. पण कोणाकडून पडलं असेल? ज्यांना ज्यांना मी विचारत फिरले, त्यातल्या एकालाही ते येत नव्हतं.

सासूबाईंनी त्या कोपऱ्यात नारळ फोडला. मी अडवलं नाही. त्या म्हणाल्या, "कोणती का असंना, तुह्या कामी आली नं." मी एवढंच म्हटलं, मशीनवर पाणी उडू देऊ नका.

माझा आठवीचा वर्ग चालू आहे. ती बाई कोण होती, होती की नव्हती, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा, फक्त "भास झाला" एवढ्यावर बोळवण करू नका.

आमचे हे मला कधीमधी विचारतात, त्या दिवसानंतरही तू पवनीला जात राहिलीस, त्याच खुर्चीवर, त्याच भिंतीला लागून बसायला तुला भीती नाही वाटली?

वाटली ना. पहिले काही दिवस कोपर अंगाशी आवळून बसायचे. डावीकडून पुन्हा कधी कोणी बोललं नाही. पण तक्ते शिकायचे राहिले होते... ते मग माझे मीच शिकले.