इडालिनाने बोजा चढवला तो शुक्रवार

इडालिना बेटनकोर्ट दगड उचलला की त्यावर हातोडीची टिचकी मारून कान द्यायची. खणखणीत वाजला तर ठेवायची, बद्द वाजला तर खुशाल फेकून द्यायची. एकसष्ट वर्षांची झाली तरी परांचीवर चढायला कुणाचा हात घेत नसे. वडील पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून कॅलिफोर्नियात गाईंचं दूध काढायला आलेले. ही डोंगरात आली आणि गवंडी झाली. गावातल्या निम्म्या घरांच्या दगडी शेकोट्या तिच्या हातच्या. मी वेंडेल. माझ्या दुकानात लोकांच्या टपालपेट्या असतात, शिवाय झेरॉक्सचं यंत्र आहे.

नोव्हेंबरच्या त्या शुक्रवारी सकाळी नेवाडातलं पाच आठवड्यांचं काम संपवून ती दुकानात शिरली. पेटीतला गठ्ठा काढला आणि उभ्या उभ्या एक पाकीट फोडलं.

"वेंडेल, आज तारीख काय?"

"पंधरा."

"नीट बघून सांग."

"इडा, भिंतीवर एवढं मोठं कॅलेंडर आहे. पंधराच."

तिने कागद माझ्यापुढे टाकला. उन्हाळाभर खपून तिने तळ्याकाठच्या नव्या लॉजचं दुमजली दगडी धुराडं उभं केलं होतं. काम दिलं होतं क्रॅडक नावाच्या ठेकेदाराने, आणि मजुरी त्यानेच अडकवली होती. अशा वेळी कारागिराला त्या मालमत्तेवर बोजा चढवता येतो. मग मालकाला ती सुखासुखी विकता येत नाही की तिच्यावर नवं कर्ज मिळत नाही. "घाई कसली? नव्वद दिवस असतात," असं क्रॅडक तिला सांगत आला होता. ते खरंच होतं. पण मालकाने काम पूर्ण झाल्याची नोंद नोंदणी कचेरीत केली, की इडासारख्यांना त्या नोंदीपासून तीसच दिवस उरतात. लॉजवाल्याने ती सोळा ऑक्टोबरला केली होती. त्याची प्रत महिनाभर माझ्याच दुकानात पडून होती.

मी बोटांवर दिवस मोजले. "तिसावा दिवस आज!"

"म्हणूनच तर तारीख विचारली, शहाण्या."

"आणि ती सुरुवातीची नोटीस? काम सुरू झाल्यापासून वीस दिवसांच्या आत द्यायची असते ती?"

"पहिला दगड बसवायच्या आधीच दिली. मालकाला, क्रॅडकला, कर्ज देणाऱ्या बँकेला. तिन्ही पोचपावत्या घरी आहेत. क्रॅडक हसला होता, म्हणाला, चुना अजून कालवलासुद्धा नाही आणि तू नोटिसा काय काढतेस! मी म्हटलं, नोटीस म्हणजे नमस्कार रे, भांडण नव्हे."

नोंदणी कचेरी पन्नास मैलांवर, घाटापलीकडे. ती चारला बंद होते. घड्याळात साडेअकरा. इडा पावत्या आणायला पळाली, मी अर्जाचा नमुना छापला. काय काम केलं, कुणी सांगितलं, मालक कोण, किती येणं आहे, सगळं तिने काउंटरवर वाकून लिहिलं. "एवढ्या जोरात लिहू नकोस, कागद फाटेल," मी म्हणालो. "दगडावर लिहायची सवय आहे," ती म्हणाली. मालकाची प्रत रजिस्टर पोस्टाने आधी गेली पाहिजे, म्हणून पोस्टात धाव. पुढे एक बाई सतरा पार्सलं घेऊन उभी. इडाने टोपी काढून विनवलं, "ताई, माझा आज शेवटचा दिवस आहे." बाई घाबरून एकदम बाजूलाच झाली!

एक वाजता आम्ही निघालो. दुकानाला मी आयुष्यात पहिल्यांदा भर दुपारी कुलूप लावलं. घाटाच्या पायथ्याशी बर्फ सुरू झालं आणि पोलिसाने हात केला. "चाकांना साखळ्या लावल्याशिवाय वर नाही." मी खाली उतरेपर्यंत इडा बर्फात आडवी झाली होती. सहा मिनिटांत दोन्ही चाकं आवळून ती उठली. पुढे बर्फ सारणारं धूड गोगलगाईसारखं चाललेलं. मी घड्याळ बघत होतो, ती शिव्या देत होती, पोर्तुगीजमध्ये. खरं सांगतो, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

चारला वीस मिनिटं कमी असताना आम्ही कचेरीत धडकलो. खिडकीतल्या बाईंनी पानं उलटली, चष्मा वर केला. "काय लिहायचं ते मी सांगू शकत नाही. इतकंच सांगते, हे असं मला घेता येणार नाही."

इडा पांढरी पडली. "का?"

"सांगू शकत नाही. तुम्हीच बघा."

दोन डोकी एका कागदावर. पान पहिलं ठीक, दुसरं ठीक... "इथे! मजकूर खरा असल्याची सही!" मी ओरडलोच. गारठलेल्या बोटांत पेन धरवेना. तिने तोंडाची वाफ हातावर घेतली आणि सही केली. शिक्का पडला, तीन बावन्नला. इडाने मला अशी मिठी मारली की बरगड्या दोन दिवस दुखत होत्या.

अकराव्या दिवशी लॉजच्या मालकाचाच फोन आला. बँकेने नवं कर्ज अडवून धरलं होतं. "बाई, हे आपसात मिटवता आलं असतं," तो म्हणाला.

"मग मिटवा की," इडा म्हणाली.

आठवड्याभरात तिचं येणं चुकतं झालं, आणि बोजा उतरवल्याचा कागद ती स्वतः कचेरीत देऊन आली. तसं झालं नसतं तर बोजा चढवल्यापासून नव्वद दिवसांत दावा लावावा लागला असता. वकीलही तिने बघून ठेवला होता.

आता दर गुरुवारी दुपारी माझ्या दुकानात कारागिरांची बैठक भरते. मागच्या वेळी ऑसगुड रंगारी आला.

"इडा, बोजा चढवायला मला किती दिवस आहेत?"

"तुझं काम संपलं कधी?"

"बहुतेक ऑगस्टात."

"बहुतेक नावाची तारीख कॅलेंडरात नसते, ऑसगुड. मालकाने पूर्णतेची नोंद केली?"

"कुणास ठाऊक."

"मग इथे काय बसलायस? कचेरीला फोन लाव!"

ऑसगुडने चहाचा कप तसाच ठेवला आणि फोनकडे धावला.